मकोकाच्या व्याख्येत आमचे पत्रक अडकू देऊ नका

महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेच्या सर्व सन्माननीय सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

मी गेली सोळा वर्षे व्यसनात अडकलेल्या माणसांमध्ये काम करते. आधी पुण्यात, मग मुंबईत. माझे ऑफिस म्हणजे रेल्वेचे रूळ, पुलाखालची जागा, सार्वजनिक संडासाची मागची भिंत. खांद्याला एक पिशवी असते. तिच्यात मलम, पट्ट्या, पाण्याची बाटली, बिस्किटांचे पुडे आणि पिवळ्या कागदावर छापलेली पत्रके. त्या पत्रकांसाठी हे पत्र लिहिते आहे.

2025 च्या पावसाळी अधिवेशनात आपण मकोकामध्ये, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या आपल्या राज्याच्या कायद्यात, दुरुस्ती मंजूर केली आणि अमली पदार्थांचे गुन्हे संघटित गुन्हेगारीच्या व्याख्येत आणले. ती बातमी वाचून आमच्या केंद्रात बहुतेकांना बरे वाटले. मलाही वाटले. एमडीने या राज्यात काय केले आहे ते आम्ही फार जवळून पाहतो. 2015 पर्यंत मेफेड्रोन, म्हणजे हेच एमडी, एनडीपीएस या केंद्राच्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीतच नव्हते. 2024 च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या एमआयडीसीतून सुरू झालेला धागा थेट दिल्लीपर्यंत नेला, तेव्हा दीड टनाहून जास्त माल हाती लागला. पुडी ग्रॅममध्ये विकली जाते. दीड टन म्हणजे किती घरे, याचा हिशेब मला मांडवत नाही. असे कारखाने चालवणाऱ्यांना जामीन मिळू नये आणि जन्मठेप व्हावी असे आपल्याला वाटत असेल, तर त्यावर माझी काही तक्रार नाही.

पण मग मी मूळ कायदा काढून वाचला. 1999 चा. त्यात दोन ठिकाणी मी थांबले.

पहिली जागा म्हणजे ‘अपप्रेरणा’ या शब्दाची व्याख्या, कलम 2(1)(अ). संघटित टोळीला कोणत्याही प्रकारे मदत करणाऱ्या माणसाशी, तो तसा आहे हे ठाऊक असताना किंवा तसे मानायला कारण असताना ठेवलेला संपर्क वा संबंध त्यात येतो. टोळीला ‘साहाय्यक ठरण्याची शक्यता असलेली’ कोणतीही माहिती कायदेशीर अधिकाराशिवाय पुढे देणे किंवा प्रसिद्ध करणे येते. टोळीकडून मिळालेला कागद किंवा मजकूर छापणे, वाटणेही येते. दुसरी जागा कलम 3(2). तिथे कट करणाऱ्या, प्रयत्न करणाऱ्या, अपप्रेरणा देणाऱ्या माणसाच्या रांगेत इंग्रजी मजकुरात आणखी एक क्रियापद आहे, ‘अॅडव्होकेट्स’. म्हणजे पुरस्कार करणारा. शिक्षा किमान पाच वर्षे, कमाल जन्मठेप, आणि दंड किमान पाच लाख रुपये.

हा मजकूर लिहिला गेला तेव्हा डोळ्यांसमोर खंडणी, सुपारी आणि टोळीयुद्ध होते. खंडणीबद्दल माहितीपत्रक कोणी छापत नाही. सुपारी घेणाऱ्याशी रोज बोलणे हे कुठल्या परिचारिकेचे काम नसते. अमली पदार्थांची गोष्ट वेगळी आहे. इथे गुन्हा आणि आजार एकाच पुलाखाली, एकाच गोणपाटावर बसलेले असतात. आम्ही ज्यांच्या जखमा धुतो त्यांतले कितीतरी जण स्वतःचा खर्च भागवण्यासाठी चार पुड्या विकतात. हे आम्हाला माहीत असते. म्हणजे कायद्याच्या भाषेत ‘मानायला कारण’ असते. तरीही आम्ही त्यांच्याशी बोलतो, कारण बोललो नाही तर ते कधीच उपचाराला येणार नाहीत.

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट सांगते. संध्याकाळी सातच्या सुमारास मी आणि माझा एक सहकारी एका स्टेशनाजवळ पत्रके वाटत होतो. हा सहकारी स्वतः गर्दच्या, म्हणजे हेरॉइनच्या भुकटीच्या, व्यसनातून बाहेर आलेला, तीन वर्षे स्वच्छ. आमच्याकडे सर्वांत चांगले काम असेच लोक करतात. टर्की, म्हणजे नशा तुटल्यावर अंगाला होणारा त्रास, काय असतो हे त्यांना कुणी समजावून सांगावे लागत नाही. साध्या वेशातल्या दोन पोलिसांनी आम्हाला थांबवले. एकाने पत्रक मोठ्याने वाचले. “दुसऱ्याची सुई घेऊ नका, आपली देऊ नका. एकटे असताना घेऊ नका.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “म्हणजे घ्या म्हणताय मॅडम. फक्त सांभाळून घ्या.”

प्रश्न चुकीचा नव्हता. कुठलाही बाप हेच विचारेल. मी त्याला सांगितले की उद्या सोडायला लावायचे तर आज तो माणूस जिवंत राहायला हवा. एचआयव्ही एका सुईतून दहा जणांना होतो आणि त्यांच्यामागे दहा बायका असतात. त्याने ऐकून घेतले, आणि तरी आम्हाला चौकीवर नेले. रात्री अकरापर्यंत बसवले. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. माझा सहकारी मात्र सगळा वेळ भिंतीकडे तोंड करून बसला होता, कारण त्या बाकावर तो पूर्वीही बसलेला होता. सुटलो तेव्हा पत्रके परत मिळाली नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्याने पिशवी घेतली नाही. “ताई, पट्टी बांधायला सांगा, रात्रभर बांधतो. कागद नको,” म्हणाला.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी त्याच भागात एक पोरगा गेला. वय बावीस. आठच दिवसांपूर्वी तुरुंगातून सुटला होता. आत असताना अंगाची सवय मोडते. बाहेर आल्यावर पूर्वीइतकाच डोस घेतला तर श्वास बंद पडतो. हे आमच्या पत्रकात चौथ्या ओळीवर होते. सोबतचे दोघे तो निपचित पडल्यावर पळाले. सकाळी कचरा वेचणाऱ्या बाईने त्याला पाहिले. त्या दोघांतला एक नंतर आमच्याकडे उपचाराला आला. त्याने मला विचारले, “ताई, 108 ला फोन केला असता तर पोलीस आले असते ना?” मला त्याला खोटे सांगता आले नाही.

आता आपल्यापैकी काही जण म्हणतील, तेव्हा मकोका कुठे होता? बरोबर आहे. ही घटना दुरुस्तीच्या आधीची आहे, आणि मकोकाखाली एखाद्या कार्यकर्त्याला पकडले म्हणूनही मी हे लिहीत नाही. कायद्यात अडसर आहेत हेही मला माहीत आहे. मागच्या दहा वर्षांत एकापेक्षा जास्त आरोपपत्रे असावी लागतात. 23 व्या कलमात उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वमान्यता आहे. सर्वोच्च न्यायालयानेही 2005 मध्ये तेलगी मुद्रांक घोटाळ्यातल्या एका जामीन अर्जावर सांगितले की या व्याख्या सैल वाचता येणार नाहीत, माणसाचा हेतू आणि जाणीव पाहावी लागेल. तो अर्ज करणारी व्यक्ती म्हणजे मुंबईचे माजी पोलीस आयुक्त होते. आयुक्तपदावर राहिलेल्या माणसाला हे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन मिळवावे लागले. माझ्या सहकाऱ्याकडे वकिलाच्या रिक्षाचे पैसे नसतात.

आरोपपत्र दाखल करायला 180 दिवस आणि त्यापुढे 21(4) मधली जामिनाची कडक अट. शेवटी निर्दोष सुटलो तरी मधली वर्षे कोण देणार? आणि चौकीवरच्या बाकावर 23 वे कलम कोणी वाचून दाखवत नाही. तिथे फक्त ‘मकोका लावू का?’ एवढे तीन शब्द पुरतात.

हा धाक किती लांब पोहोचतो हे आपल्या देशाने एकदा बघितले आहे, आणि त्याची मोठी किंमत मोजली आहे. 1985 च्या एनडीपीएस कायद्याने मॉर्फिनवर बंदी घातली नव्हती. आठव्या कलमातच वैद्यकीय आणि वैज्ञानिक वापराची सूट आहे. पण चूक झाली तर दहा वर्षांची सक्तमजुरी, आणि एका बाटलीसाठी वेगवेगळ्या खात्यांचे परवाने. औषधवाल्यांनी मॉर्फिन ठेवणे सोडून दिले, रुग्णालयांनी मागवणे सोडले, डॉक्टरांनी लिहून देणे सोडले. पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. 1997 मध्ये तर तो वर्षाला जेमतेम 18 किलोवर आला होता. एवढ्या मोठ्या देशाला, जिथे मंदसौर, नीमच, चित्तोडगडच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकते आणि ती जगभरच्या औषध कंपन्यांना जाते.

माझी आत्या 1996 साली साताऱ्याला गेली. गर्भाशयाचा कॅन्सर मणक्यात उतरला होता. शेवटचे सहा आठवडे ती ओरडायची. रात्री शेजारच्या आळीत ऐकू जायचे. डॉक्टर भले माणूस होते, रोज स्कूटरवरून येऊन बघून जायचे. माझ्या वडिलांनी त्यांना मॉर्फिनबद्दल विचारले तेव्हा ते म्हणाले, “अहो, ते ठेवायच्या भानगडीत मी पडत नाही.” मी तेव्हा शाळेत होते. मला वाटायचे मॉर्फिन म्हणजे काहीतरी बेकायदा असणार. कायद्याने ते औषध होते. संसदेने 2014 मध्ये दुरुस्ती करून ‘अत्यावश्यक अमली औषधे’ असा वेगळा वर्ग केला आणि परवान्यांची गुंतागुंत सोडवायला घेतली. तोवर 29 वर्षे गेली होती. कोणाच्याही मनात रुग्णांना छळायचे नव्हते. कायदा करताना फक्त तस्कर डोळ्यांसमोर होता.

जे मॉर्फिनचे झाले तेच शब्दांचे होईल, ही माझी भीती आहे. एमडीचा कारखाना चालवणारा माणूस पत्रक वाचत नाही, लेख लिहीत नाही, परिसंवादाला येत नाही. सैल शब्दांचा धाक त्याला लागतच नाही. तो लागतो प्राध्यापकाला, संपादकाला, नाटक लिहिणाऱ्या पोराला, आणि आमच्यासारख्यांना.

मराठी माणसाला याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. ऐंशीच्या दशकात गर्द पुण्या-मुंबईत शिरली तेव्हा अनिल अवचट व्यसनी मुलांमध्ये जाऊन बसले, त्यांच्याकडून सगळे समजून घेतले आणि वर्तमानपत्रात लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पैसे घेऊन पुढे आले. त्यातून 1986 मध्ये डॉ. अनिता अवचटांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण उभे केले. तिथून हजारो माणसे बरी होऊन घरी गेली. त्यांतली काही माझे गुरू आहेत. तो लेखक आज असे लिहायला बसला, तर त्याला कोणत्या ‘कायदेशीर अधिकाराने’ माहिती प्रसिद्ध करता येईल? तो अधिकार कोण देते? कुठल्या खिडकीवर अर्ज करायचा? कायद्यात याचे उत्तर मला सापडले नाही.

‘पुरस्कार’ या शब्दाबद्दलही बोलायला हवे. मी स्वतः गांजा खुला करण्याच्या बाजूची नाही. चौदा-पंधराव्या वर्षी गांजा सुरू करून पुढे भ्रमिष्ट झालेली मुले मी पाहिली आहेत, त्यांच्या आयांना धरून बसले आहे. पण त्या बाजूने बोलणारी शहाणी माणसेही आहेत. पतियाळाचे तेव्हाचे खासदार डॉ. धर्मवीर गांधी, जे स्वतः हृदयरोगतज्ज्ञ आहेत, त्यांनी सौम्य नशेच्या पदार्थांना एनडीपीएसमधून सवलत देण्यासाठी खासगी विधेयक तयार केले. हिमाचल प्रदेशच्या विधानसभेने 2024 मध्ये औषधी आणि औद्योगिक वापरासाठी गांजाच्या झाडाची लागवड करू द्यावी असा ठराव केला. आपण सभागृहात असे बोललात तर राज्यघटनेचे कलम 194 आपल्या पाठीशी आहे. तेच वाक्य सोलापूरच्या एखाद्या कॉलेजात वादविवाद स्पर्धेत एखादी मुलगी बोलली, तर तिच्या पाठीशी काय आहे? तिचे प्राचार्य उद्या विषयच बदलतील. “कशाला उगाच,” म्हणतील.

2012 च्या नोव्हेंबरात पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका पोस्टसाठी अटक झाली, ते आपल्याला आठवत असेल. त्या अटकेनंतर सुरू झालेली लढाई 24 मार्च 2015 ला संपली आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66अ कलम रद्द झाले. त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तीन गोष्टी वेगळ्या केल्या : चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी. पहिल्या दोन, कितीही न आवडणाऱ्या असल्या तरी, अभिव्यक्तीच्या हक्काचा गाभा आहेत. सरकारला हात घालता येतो तो तिसरीपाशी. पालघर आपल्याच राज्यात आहे. आणि आपल्याच राज्याच्या कायद्यात दुसरा शब्द तिसऱ्याच्या शिक्षेला बांधलेला आहे.

अमेरिकेत हे झाले होते. 1999 मध्ये तिथल्या सिनेटने मेथाम्फेटामाइनविरोधी विधेयक मंजूर केले, त्यात अमली पदार्थ कसे बनवतात वा कसे घेतात याची माहिती, ती गुन्ह्यासाठी वापरली जावी या हेतूने किंवा तसे ठाऊक असताना, देण्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली होती. डॉक्टर, ग्रंथपाल, वकील, पत्रकार सगळ्यांनी विरोध केला. पुढच्या वर्षी कायदा झाला तेव्हा उत्पादकांवरच्या शिक्षा राहिल्या आणि ते कलम गळाले. तस्करांवरची पकड त्यामुळे ढिली पडल्याचे कोणी म्हणत नाही.

पैशांबद्दल आणि माणसांबद्दलही लिहायला हवे, कारण शेवटी कायद्याचा कल तिथेच दिसतो. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून करून घेतलेल्या 2019 च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे देशात 77 लाख माणसांना अफूजन्य पदार्थांच्या सेवनामुळे मदतीची गरज आहे. बेकायदा अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या वीस जणांत एकालाच कधीतरी रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळालेला आहे. उरलेले एकोणीस आम्हाला रुळांवर भेटतात. एनडीपीएसच्या 71 व्या कलमात सरकारला उपचार केंद्रे काढता येतील असे 1985 पासून लिहिलेले आहे. 64अ मध्ये स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण आहे. ही चांगली कलमे आहेत. सोळा वर्षांत 64अ चा आधार घेतलेली किती माणसे मी पाहिली? दोन. दोघांनाही ते कलम आम्हीच सांगितले होते, एका पत्रकावर छापून.

बाईमाणसांची स्थिती तर विचारू नका. व्यसनी स्त्रीसाठी मुलांसकट राहता येईल अशी खाट मला संबंध मुंबईत शोधावी लागते, आणि बहुतेक वेळा मी तिला परत पुलाखाली सोडून येते.

म्हणून माझी विनंती अशी. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मकोकाच्या त्या दोन कलमांना एक स्पष्टीकरण जोडावे. अमली पदार्थांच्या बाबतीत उपचार, प्रतिबंध, जीव वाचवणे, संशोधन, अध्यापन, पत्रकारिता, साहित्य-कला किंवा कायद्यात बदल मागणे यासाठी केलेले बोलणे, लिहिणे, छापणे आणि त्यासाठी ठेवलेला संपर्क हा अपप्रेरणा वा पुरस्कार धरला जाणार नाही. गुन्ह्याला मदत करण्याचा प्रत्यक्ष हेतू असल्याखेरीज तो लागू होणार नाही, आणि तो हेतू सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची असेल. चार ओळींचे काम आहे. कुरकुंभच्या कारखानदाराला त्यातून पळवाट मिळत नाही. त्याच्याविरुद्धचा पुरावा म्हणजे पिंपे आणि पावत्या, त्याचे विचार नव्हेत.

आणि दुसरे : मरणाऱ्या मित्रासाठी 108 ला फोन करणाऱ्यावर, त्या फोनमुळे उघड झालेल्या सेवनासाठी किंवा खिशातल्या अल्प प्रमाणासाठी गुन्हा नोंदवू नये. एनडीपीएस केंद्राचा कायदा आहे हे मी जाणते. पण पोलीस राज्याचे आहेत, त्यांना सूचना देणारे गृहखाते राज्याचे आहे, आणि केंद्राकडे ठराव पाठवायला आपल्याला कोणी अडवलेले नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिकोने 2007 मध्ये असा कायदा पहिल्यांदा केला, मग बाकीच्या राज्यांनी त्यांचे बघून केला. महाराष्ट्राने रोजगार हमी देशाला दिली, माहितीच्या अधिकाराचा कायदा केंद्राच्या आधी केला. इथेही आपण आधी जाऊ शकतो.

आमचे पत्रक आम्ही पुन्हा छापले आहे. ओळी त्याच ठेवल्या. माझ्या सहकाऱ्याने अजून पिशवी उचललेली नाही, पण छापखान्यातून गठ्ठे तोच घेऊन आला आणि घड्या घालायला बसला. त्यातले एक या पत्रासोबत आपल्याकडे पाठवत आहे. कृपया वाचावे, आणि कोणती ओळ टोळीला साहाय्यक ठरते ते मला कळवावे. ती मी स्वतः खोडेन.

आपली विनम्र,
वस्तीत काम करणारी एक कार्यकर्ती

सोबत : पत्रकाची एक प्रत